जमिनीचे कागद कोणासाठीं लिहिले गेले?

घर किंवा जमीन घेऊं इच्छिणारा गृहस्थ "कागद स्वच्छ आहेत ना?" असें हटकून विचारतो, आणि विकणारा सातबाऱ्याचा उतारा पुढें करतो. उताऱ्यावर विकणाऱ्याचें नांव दिसलें कीं पुष्कळांचें समाधान होतें. मुलीची पत्रिका दहा ठिकाणीं दाखविणारी आमची मध्यम स्थितींतील मंडळी जन्मभराची शिल्लक एका पानाच्या भरंवशावर देऊन टाकतात, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. हा निव्वळ गाफीलपणा आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कागद म्हटला कीं तो मालकी सिद्ध करण्यासाठींच लिहिलेला असावा, असा आपला समज असतो. आणि महाराष्ट्रांतील जमिनीच्या कागदांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे हा समज फारसा टिकत नाहीं.

मराठेशाहींतील पाटिलकीचें किंवा मिरासीचें एखादें खरेदीखत पाहावें. दुष्काळ पडला, सरकारचा वसूल तुंबला, सावकाराचें देणें झालें, अशीं विकण्याचीं कारणें त्यांत प्रथम येतात. मग जमिनीच्या चतुःसीमा, किंमत, आणि पुढें कोणी भाऊबंद कथळा करील तर त्याचें निवारण विकणारानें करावें ही कबुली. शेवटीं साक्षी. पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या नांवांपुढें ज्याच्या त्याच्या धंद्याचें हत्यार. कागदाचें बळ या साक्षींत होतें. उद्यां तंटा उपस्थित झाला तर हींच माणसें, किंवा त्यांचीं मुलें, गोतसभेंत बसणार. त्यांच्याच तोंडून महजर होणार. हरणाऱ्याकडून यजितखत लिहून घेतलें जाणार. साक्षीनें निकाल लागेना, तेव्हां उकळत्या तेलतुपांतून रवा काढण्याचें दिव्य करण्यापर्यंतही गोष्ट जाई. तो काळ भाबडा होता असें मात्र कोणीं समजूं नये. बनावट कागदांची ओरड तेव्हांही होती, आणि साक्षी देणारें गांव दुष्काळांत उठून गेलें म्हणजे कागद मुका होई. तथापि तो कागद गांवासाठीं लिहिलेला होता. विकणारा कोण व त्याचे भाऊ किती, हें गांवास ठाऊक होतें.

१८१८ सालीं पेशवाई गेली आणि कागदाचा वाचक बदलला. नव्या सरकारास गांवाच्या आठवणीशीं कर्तव्य नव्हतें. कोणत्या जमिनीचा सारा येणें आहे व कोणती कोणत्या आधारें माफ आहे, एवढेंच त्यास जाणावयाचें होतें. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि पिढ्यान् पिढ्या इनाम खाणाऱ्या घराण्यांस आपल्या सनदा बाहेर काढाव्या लागल्या. त्या सनदांची पारख पुण्यास जमविलेल्या पेशव्यांच्या दप्तराशीं ताडून होऊं लागली. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांनींही या खात्यांत काम केलें होतें. ज्यांच्या घरचा कागद वाळवीनें खाल्ला किंवा ज्यांची नोंद दप्तरांत सांपडेना, त्यांस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीचा पूर्वीसारखा आधार उरला नाहीं. ज्या दप्तरावर आमचे इतिहाससंशोधक पुढें पोसले, तें या कामीं अनेक घराण्यांच्या मुळावर आलें होतें, हेंही स्मरणांत ठेवण्यासारखें आहे.

कुणब्याची गत याहून वाईट झाली. त्याला वाचतां येत नव्हतें, आणि कर्जरोखा अगर खरेदीखत लिहिणारा बहुधा सावकाराच्या ओळखींतला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवापेक्षां त्यांच्याजवळील कागदांवर होता. ते हिसकावून जाळण्यांत आले. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें शेतकऱ्याचे दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिण्याची अट घातली, ती यामुळेंच.

सातबाऱ्याचें मूळ मात्र सारावसुलींत आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत मोजणीची जी पद्धत बसविली, तींत प्रत्येक शेतास नंबर, क्षेत्र व आकार मिळाला. त्या शेतापुढें लिहिलेलें नांव सारा भरण्याची जबाबदारी असणाराचें होतें. खरा हक्क कोणाचा हें त्यावरून कळेना, म्हणून १९०३ सालीं हक्कनोंदणीचा कायदा करावा लागला. गांव नमुना सात म्हणजे हक्कांचें पत्रक, बारा म्हणजे पिकांचें. दोन्ही एका कागदावर आलीं, म्हणून सातबारा. त्यांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमांत म्हटलें आहे. "उलट सिद्ध होईपर्यंत" हे शब्द घाईनें वाचणाऱ्याच्या नजरेंतून सुटतात.

नोंदणीचीही तीच गोष्ट. १९०८ च्या कायद्याप्रमाणें शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदविलीच पाहिजे; तथापि नोंदलें म्हणून विकणारा मालक ठरत नाहीं. व्यवहार झाला ही गोष्ट जगास कळावी, एवढाच नोंदणीचा मुख्य हेतु. मुखत्यारपत्रावर घरें विकण्याची जी चाल शहरांत पडली होती, तिनें मालकी जात नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट सांगितलें.

म्हणून जाणता वकील एका उताऱ्यावर थांबत नाहीं. तो तीस वर्षांच्या नोंदी काढवितो आणि जुने फेरफार वाचतो. बाप वारल्यावर तीन भावांचीं नांवें चढलीं, बहिणींचीं कां नाहींत? २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे, आणि सासरीं गेलेल्या बहिणीची सही नसलेलें खरेदीखत पुढें कोर्टांत उभें राहतें. जमीन वर्ग दोनची असल्यास ती विकण्यास सरकारची परवानगी लागते काय? कुळकायद्यानें मिळालेल्या जमिनीवर विक्रीच्या अटी शिल्लक आहेत काय? "इतर हक्क" या सदरांतील एखाद्या बारीक ओळींत हीं उत्तरें असतात. आणि उतारा दाखविणाऱ्याचें बोट सहसा त्या सदराकडे वळत नाहीं.

दक्षिण ऑस्ट्रेलियांत १८५८ पासून मालकीची नोंद सरकारच्या हमीची झाली. आपल्याकडे तशी हमी कोणतेंच दप्तर देत नाहीं. त्यामुळें आजच्या छापील खरेदीखतांतही एक कलम असतें: कोणी हक्क सांगत आल्यास त्याचें निवारण विकणारानें स्वखर्चानें करावें. शब्द वकिली झाले आहेत, नांगराची निशाणी गेली आहे. कबुली तीच, मिरासपत्रांतली.