बोस्टनचा पोरगा आणि केळझरची अंगणवाडी

आमच्या केळझरात गोवर निघाला की जुनी माणसं ‘माता आली’ म्हणायची. उंबऱ्यावर कडुलिंबाचा डहाळा, आणि वाट बघायची.

लसीची गोष्ट मात्र सुरू होते १९५४ मध्ये, बोस्टनजवळच्या एका शाळेत. डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या पोराला गोवर झाला. त्याच्याकडून मिळालेला विषाणू जॉन एंडर्सच्या प्रयोगशाळेत वाढवत वाढवत दुबळा केला, आणि १९६३ मध्ये अमेरिकेत लस आली. पुढे झाग्रेबमध्ये त्याचाच आणखी एक वाण तयार झाला. पुण्याची सीरम लसीसाठी तोच ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ वापरते. कुठला कोण पोरगा, अन् त्याचं नाव आपल्या अंगणवाडीपर्यंत आलं!

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस १९८५ पासून आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षांखालच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. तरी २०२२ मध्ये मुंबईत, गोवंडीकडे, पोरं दगावली. कोविडच्या काळात कितीतरी डोस राहून गेले होते. गोवर रोखायला शंभरातल्या ९५ जणांचं संरक्षण लागतं. थोडी फट सापडली तरी तो घुसतो. आणि नुसतं पुरळ नाही हं. आधीच्या आजारांशी लढायची शरीराची आठवणही तो पुसतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बॅकअपच डिलीट!

पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसराच जास्त विसरतात. पावडर पाण्यात मिसळली की कुपी चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकतात. त्यामुळे आशाताईंनी सांगितलेला दिवस चुकवू नका. घरात लहान पोर असेल तर कार्ड काढा, दुसऱ्या डोसपुढे तारीख आहे का बघा.