यांत्रिक भाषांतर आणि संहितेतील अनुक्त

एका संगणकभाषेत रचलेली आज्ञावली यंत्राकरवीच दुसऱ्या संगणकभाषेत उतरवून घेण्याचा उद्योग जवळजवळ त्या भाषांइतकाच जुना आहे. जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी आय.बी.एम. कंपनीत १९५७ साली सिद्ध केलेल्या फोर्ट्रान भाषेच्या नावातच ‘सूत्र’ आणि ‘भाषांतर’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द सांधलेले आहेत. तथापि ते भाषांतर यंत्राच्या भाषेत व्हावयाचे होते. मनुष्याने ते वाचावे अशी अपेक्षा नव्हती. माणसांनी लिहिलेली संहिता माणसेच लिहितात अशा दुसऱ्या भाषेत नेण्याचा प्रश्न निराळा, आणि तो शास्त्रीय कुतूहलातून नव्हे तर व्यवहाराच्या निकडीतून पुढे आला. हनीवेल कंपनीने १९६३ साली आपले ‘२००’ हे यंत्र जाहीर केले तेव्हा आय.बी.एम. १४०१ या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या आपोआप रूपांतरित करण्याची सोयही देऊ केली आणि तिला ‘लिबरेटर’, म्हणजे मुक्तिदाता, असे नाव दिले. प्रतिस्पर्ध्याचे गिऱ्हाईक सोडविणे हीच त्यातील मुक्ती होती, हे सांगावयास नकोच! त्याच सुमारास ‘शेअर’ या आय.बी.एम. यंत्रांच्या वापरकर्त्यांच्या संघटनेत फोर्ट्रान-२ मधील आज्ञावल्या फोर्ट्रान-४ मध्ये नेणारा ‘सिफ्ट’ हा भाषांतरक तयार झाला. जुन्या भाषेत ग्रंथालयीन फलनांच्या नावांना शेवटी ‘एफ’ हे अक्षर जोडावे लागे, नव्या भाषेत ते गळाले. असे भेद म्हणजे प्रत्ययलोपासारखे. नियम सांगितला की काम संपले.

खरी कसोटी लागली ती दोन भिन्न कुळांच्या भाषा समोरासमोर आल्यावर. फेल्डमन, गे, मेमोन आणि श्रायर यांनी १९९० साली बेल प्रयोगशाळेच्या अहवालमालेत ‘एफ-टू-सी’ या भाषांतरकाचे वर्णन प्रसिद्ध केले. फोर्ट्रान-७७ मधील, दीर्घकाळ पारखून घेतलेले गणिती वाङ्मय सी भाषेच्या परिसरात आणणे हा त्याचा हेतू. रैखिक बीजगणिताचा ‘लापॅक’ हा प्रसिद्ध संग्रह याच मार्गाने ‘सीलापॅक’ झाला. या भाषांतराचे बारकावे भाषाभ्यासकाने अवश्य पाहावेत. फोर्ट्रानमध्ये सारणीतील घटकांची मोजणी सामान्यतः एकापासून, तर सी मध्ये ती शून्यापासून. प्रत्येक ठिकाणी एक वजा करीत बसण्याऐवजी भाषांतरक उपआज्ञावलीच्या आरंभीच सारणीचा निर्देशक एक घर मागे सरकवितो. पुढे सर्व मोजणी जुन्याच पद्धतीने चालते. शब्द सी चे, पण उच्चार फोर्ट्रानचा! गंमत अशी की, सारणीच्या आरंभाच्याही मागे निर्देशक नेणे सी च्या प्रमाण व्याकरणास काटेकोरपणे मान्य नाही. व्यवहारात मात्र ते खपून गेले.

याहून महत्त्वाची गोष्ट संहितेत दिसतच नाही. फोर्ट्रानच्या प्रमाणकानुसार, एखाद्या उपआज्ञावलीस दिलेली दोन नावे एकाच स्मृतिस्थानाची असतील, तर तिने त्या स्थानातील मूल्य बदलता कामा नये. हे वचन आज्ञावलीत कोठेही लिहावे लागत नाही. ते भाषेच्या संकेतातच आहे, आणि त्यावर विसंबून कंपायलर वेगवान यंत्रसंहिता निर्माण करतो. सी मध्ये असा सर्वसाधारण संकेत नाही. तेथे एकाच प्रकारच्या मूल्यांचे दोन निर्देशक एकाच जागी बोट दाखवीत असतील ही शंका कंपायलरला बाळगावीच लागते. भाषांतरित आज्ञावली उत्तर तेच देते, पण मूळ लेखकाने न बोलता दिलेली हमी वाटेत गळते. १९९० च्या प्रमाण सी मध्ये ती हमी उच्चारण्यास शब्दही नव्हता. तो १९९९ च्या प्रमाणकाने दिला. मुळात जे सांगण्याची गरज नव्हती, तेच नव्या भाषेत मुद्दाम सांगावे लागते.

रोमान याकोबसन यांनी भाषांतरविषयक आपल्या १९५९ च्या निबंधात असे प्रतिपादिले की, भाषांमधील खरा भेद त्या काय सांगू शकतात यात नसून त्यांना काय सांगावेच लागते यात असतो. मराठी वाचकास याचे उदाहरण दूर शोधावयास नको. इंग्रजी वाक्यातील प्रथमपुरुषी अनेकवचन मराठीत आणताना ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावेच लागते. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, याविषयी मूळ वाक्य मौन पाळते. भाषांतरकार ते संदर्भावरून जाणतो. यंत्राने कोठून जाणावे?

भाषांतरित संहिता पुढे कोण वाचणार, यावरही यशाचे माप बदलते. डोनाल्ड नुथ यांची टेक ही मुद्रणजुळणीची आज्ञावली त्यांच्या ‘वेब’ या पास्कलवर आधारलेल्या पद्धतीत लिहिलेली आहे. युनिक्स यंत्रांवर ती ‘वेब-टू-सी’ द्वारा सी मध्ये उतरविली जाते. पण दुरुस्त्या मूळ पद्धतीतच होतात. सी रूप कितीही ओबडधोबड असले तरी कोणाचे बिघडत नाही. गो भाषेची कथा नेमकी उलट. तिचा मूळ कंपायलर सी मध्ये होता. तो यंत्राच्या साहाय्याने गो मध्ये आणून ऑगस्ट २०१५ मध्ये १.५ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. येथे मूळ संहिता टाकून द्यावयाची होती आणि भाषांतरालाच मूळ मानून माणसे पुढे काम करणार होती. त्या आवृत्तीच्या निवेदनात कर्त्यांनी प्रांजळपणे नमूद केले की, यांत्रिक भाषांतरातून निघालेली गो संहिता त्या भाषेच्या वळणाची नाही, आणि तिच्यामुळे आज्ञावल्या सिद्ध होण्यास सुमारे दुप्पट वेळ लागेल. वळण नसणे हा केवळ सौंदर्याचा दोष नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे मोजले गेल्याची उदाहरणे मानवी भाषांच्या भाषांतरात मिळणे कठीण आहे.

२०२० साली फेसबुकच्या संशोधकांनी ‘ट्रान्सकोडर’ सादर केला. नियम न शिकविता, जोड्या लावलेल्या संहितांवाचून, सी++, जावा आणि पायथन यांतील विपुल लेखनावरूनच तो भाषांतर शिकला. मानवी भाषांसाठी प्रचलित असलेले शब्दसाम्याचे माप येथे अपुरे ठरले; म्हणून भाषांतरित फलन चालवून उत्तरे जुळतात का, हे पाहण्यात आले. परंतु निवडक उत्तरे जुळणे म्हणजे अनुक्त जुळणे नव्हे.

हा प्रश्न आज सी कडून रस्ट भाषेकडे जाताना ऐरणीवर आला आहे. एखादे स्मृतिस्थान कोणाच्या मालकीचे, ते कोणी व केव्हा मोकळे करावयाचे, हे सी चा निर्देशक सांगत नाही. लेखकाच्या मनात ते असते, आणि त्याची चूक झाली की परकीयास यंत्रात शिरण्याची वाट मिळते. रस्ट हे उच्चारावयास लावते. ‘सी-टू-रस्ट’ हा भाषांतरक संहिता इमानाने उतरवितो, पण हे मौनही तसेच उतरवितो. परिणामी त्याच्या फलनांवर ‘असुरक्षित’ हा रस्टचाच शिक्का जागोजागी बसतो. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने २०२४ साली ‘ट्रॅक्टर’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला. निष्णात रस्ट-लेखकाच्या हातून उतरेल त्याच गुणवत्तेची आणि शैलीची संहिता यंत्राने द्यावी, असे त्याच्या उद्दिष्टात म्हटले आहे.