अंतःकरणाची भक्ती आणि प्रभूचा प्याला

१ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयीची आपली ओढ लपवली नाही. पण अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेला समाज स्वतःवरील सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाही, हेही त्यांनी रोखठोक सांगितले. धर्म बदलूनही जात का टिकली? याचे एक ठरीव उत्तर आपल्याकडे दिले जाते : लोक वरवर ख्रिस्ती झाले, अंतःकरणाने झाले नाहीत. मी इतिहास शिकवतो आणि मला हे उत्तर पटत नाही. तमिळ प्रांतातील चर्चचा इतिहास नेमके उलटे सांगतो. तेथे जातीने आसरा घेतला तो 'अंतःकरणाच्या भक्ती'चाच.

१७०६ साली तरंगंबाडीला लुथरन मिशन सुरू झाले. वेल्लाळ ख्रिस्ती आणि परैयर ख्रिस्ती एकाच छताखाली, पण वेगवेगळे बसत. प्रभुभोजनाचा प्याला आधी वरच्या जातीच्या ओठांना लागे, मग खालच्या. याचे समर्थनही तयार होते. जात ही लौकिक बाब, बाहेरची, श्रद्धा आतली. देव हृदय पाहतो, बसण्याची जागा पाहत नाही. वाक्य किती निर्मळ वाटते! आणि ते किती सोयीचे आहे, हे मागे बसणाऱ्यालाच कळते.

हा वाद तंजावरात पेटला. तेथे गादीवर मराठे होते. सरफोजीराजांबरोबर श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली वाढलेला वेदनायगम शास्त्री हा थोर ख्रिस्ती कवी. १८२९ च्या सुमारास त्याने नव्या मिशनऱ्यांविरुद्ध लेखणी उचलली. त्यांनी तमिळ बायबलचे भाषांतर बदलले, तमिळ संगीत बाजूला सारले, सणासमारंभातली फुले बंद केली, आणि जाती एकत्र जेवायला बसवल्या, या त्याच्या तक्रारी. पहिल्या तीन तक्रारी वाचताना आपण त्याच्या बाजूचे होतो. स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या सुरात देवाला हाक मारण्याचा हक्क परक्याने का हिरावावा? चौथ्या तक्रारीशी मात्र आपण थबकतो. मनापासून भजने रचणारा हा माणूस ढोंगी नव्हता. तो प्रामाणिक होता, म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनीही अभंग-कीर्तन चर्चमध्ये आणले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. टाळ-मृदंग इकडेही, तिकडेही. एकाने देशी सुराबरोबर जातीची पंगत राखली, दुसऱ्याने दार रुंद केले. तेव्हा देशीपणावरून भक्तीचा खरेपणा ठरत नाही.

१८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्रक काढले : मंडळीत जातिभेद चालणार नाही, तो ताबडतोब आणि कायमचा सोडावा. तंजावरातील कित्येक वेल्लाळ कुटुंबे मंडळी सोडून गेली. जातीकडे सौम्य नजरेने पाहणाऱ्या लायप्झिग मिशनचा आधार त्यांतल्या अनेकांनी पुढे घेतला. विल्सन साम्राज्याचे बिशप होते, त्यांच्या हुकमात साहेबी ताठा होता, हे मान्य. पण प्याल्याबाबत ते बरोबर होते. पौलाने करिंथच्या मंडळीला याच कारणासाठी झापले होते : श्रीमंत आधीच खाऊन-पिऊन तृप्त, गरीब उपाशी, आणि म्हणे हे प्रभुभोजन! प्रार्थना किती कळवळून केली, हे पौल विचारत नाही. तो ताट पाहतो.

आम्हाला हे नवे नाही. चोखोबाचे अंतःकरण पवित्र होते, याबद्दल पंढरपुरात कोणाचे दुमत नव्हते. त्याची समाधी मात्र महाद्वाराशी, बाहेर. १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, ते विठ्ठलाचे दार उघडण्यासाठी. अंतःकरणाची थोरवी गाणाऱ्यांनी शतकानुशतके दार बंदच ठेवले होते.

तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुळम येथे तर हा विचार दगडविटांत उभा राहिला. १८७२ साली तेथे कॅथलिकांचे जे चर्च झाले, त्याला दोन दालने होती. वेदी एकच, तिच्यापासून दोन बाजूंना दोन लांब दालने फुटलेली, पाटलोणीच्या दोन पायांसारखी. एकात वेल्लाळ, दुसऱ्यात नाडार. मधे भिंत. दोघांनाही वेदी दिसे, पाद्री दिसे. शेजारी गुडघे टेकलेला ख्रिस्ती माणूस तेवढा दिसत नसे.

१९१० साली धर्माधिकाऱ्यांनी ही भिंत पाडली. वेल्लाळ पक्ष न्यायालयात गेला आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत पोचले. चर्च बंद नव्हते, वेदी जागेवर होती, मिसा चालू होती, कोणाच्याही प्रार्थनेला अटकाव नव्हता. वादींची मागणी होती की भिंत पुन्हा बांधून मिळावी. न्यायालयाने ती फेटाळली.