लहान रुळांवरची मोठी अक्कल

कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत मी लहानपणी पुष्कळदा बसलो आहे. मोठ्या लायनीवरची मेल डोळ्यांदेखत निघून जायची आणि आम्ही आपले ‘बार्शी लाईट’ची वाट पाहत बसायचो. सुटीत आलेली पुण्याची भावंडं त्या गाडीला खेळणं म्हणून हसत. खरं सांगायचं तर मलाही तिची थोडी लाज वाटे. मोठं इंजिन आटवून लहान केलं की नॅरोगेजचं इंजिन झालं, अशी माझी समजूत होती. ती किती चुकीची होती, हे कळायला बरीच वर्षं गेली.

अरुंद रुळांची रेल्वे बांधायची ती खर्च वाचावा म्हणून. रूळ हलके, पूल लहान, डोंगराला वळसे घालत जाणारी वाट. पण इथेच इंजिनाची पंचाईत होते. चाक रुळाला धरून राहतं ते वजनामुळे. वजन कमी केलं तर चाकं जागच्या जागी फिरतात; वाढवलं तर रूळ सोसत नाहीत. वजन वाटून द्यायला चाकं वाढवावीत, तर लांब झालेलं इंजिन वळणावर अडतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांपुढे हे एकच कोडं होतं. उत्तरं मात्र निरनिराळी निघाली.

पहिलं उत्तर वेल्समधलं. फेस्टिनिऑगची रेल्वे १८३६ साली पाटीचा दगड वाहण्यासाठी सुरू झाली. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली येत आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून नेत. १८६३ मध्ये तिथे वाफेची इंजिनं आली. रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट. माल वाढला, तशी ती इंजिनं अपुरी पडू लागली. मग १८६९ मध्ये रॉबर्ट फेअरली यांच्या पद्धतीचं ‘लिटल वंडर’ आलं. दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडावीत, तसा त्याचा घाट. मधे भट्टी, दोन्ही टोकांना बॉयलर आणि खाली वळणाबरोबर वळणाऱ्या दोन चाकगाड्या. सगळी चाकं ओढणारी, त्यामुळे वजनाचा कणही वाया जात नसे. पुढच्याच वर्षी झालेल्या चाचण्या पाहायला रशियाहून शिष्टमंडळ आलं होतं. पण वळणाऱ्या चाकगाड्यांपर्यंत वाफ न्यायची तर नळ्यांचे सांधे हलते हवेत, आणि हलते सांधे गळतात. शिवाय ड्रायव्हर भट्टीच्या एका बाजूला, तर फायरमन दुसऱ्या बाजूला!

दुसरं उत्तर दार्जिलिंगचं. १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगला पोचली. रूळ दोन फुटी, चढ काही ठिकाणी वीस-पंचवीस फुटांमागे एक फूट आणि वळणं अंगावर येणारी. इथे १८८९ पासून शार्प स्टुअर्ट कंपनीची ‘बी’ वर्गाची इंजिनं आली. ती फेअरलीच्या अगदी उलट: फक्त चार चाकं, पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी, कोळसाही तिथेच जवळ. सगळं वजन चारच चाकांवर. ओल्या रुळावर चाक घसरू नये म्हणून पुढे बसलेली माणसं हातांनी वाळू टाकत. यंत्रात जे बसवलं नाही, ते माणसाच्या हातांनी भरून काढलं!

तिसरं उत्तर आपलं, बार्शीचं. १८९७ साली सुरू झालेल्या या अडीच फुटी मार्गाचे कर्ते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्यांनी आधी इंजिनाचा विचारच केला नाही. विचार केला तो रुळाचा. इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये, हा त्यांचा दंडक. त्याप्रमाणे लीड्सच्या किटसन कंपनीने इंजिनं घडवली: आठ ओढणारी चाकं आणि मागे भार पेलणारी आणखी चार.

आता गंमत पाहा. दार्जिलिंगचं इंजिन चौदा-पंधरा टनांचं, पण आस दोनच. म्हणजे आसामागे सात टनांच्या आसपास भार. बार्शीचं इंजिन वजनाने जवळजवळ दुप्पट, तरी रुळाला ते हलकं! मात्र तेच इंजिन दार्जिलिंगच्या वळणांवर चाललं नसतं. आणि दार्जिलिंगचं इंजिन बार्शीच्या कापसाने भरलेल्या लांब गाडीपुढे थकलं असतं. यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते एवढंच, की कुठल्या वाटेसाठी?

हलक्या रुळांमुळे खर्च आवाक्यात राहिला, म्हणून रेल्वे बार्शीला पोचली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, आणि पायी जाणं न झेपणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना विठोबाचं दर्शन घडलं. मोठी लायनच हवी म्हणून अडून बसले असते, तर आणखी किती पिढ्या वाट पाहावी लागली असती!

आता त्या मार्गावर ब्रॉडगेज धावते. कुर्डुवाडीला गाडी थांबली की मी अजून खिडकीतून पलीकडे पाहतो. त्या छोट्या गाडीची लाज वाटली होती, त्याची आता लाज वाटते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)