संगणकाच्या फावल्या वेळाचें दान

विसाव्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे यांनीं महाराष्ट्रापुढें पैसाफंडाची कल्पना मांडली, तेव्हां तिचें मर्म अगदीं साधें होतें. प्रत्येकानें एक पैसा द्यावा. एका पैशावांचून देणाऱ्याचें कांहीं अडत नाहीं. परंतु असे लाखों पैसे एकत्र आले म्हणजे त्यांतून एखादा कारखाना उभा राहतो. १९०८ सालीं तळेगांवास निघालेला काचेचा कारखाना हें त्या कल्पनेचें फळ होय. त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनीं जगापुढें असाच एक फंड मांडला. मात्र त्यांनीं पैसा मागितला नाहीं. घरोघरीं जे संगणक होते, त्यांचा फावला वेळ मागितला. ती मागणी कशी पुढें आली, लोकांनीं तिला कसा प्रतिसाद दिला आणि त्या दानाचें फळ काय, याचा हा वृत्तांत आहे.

संगणकाला फावला वेळ असतो, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु घरांतला मनुष्य संगणकापुढें बसून पत्र लिहितो, तेव्हां दोन अक्षरांच्या मध्यें जो क्षण जातो, तो मनुष्याला क्षण असला तरी यंत्राला युग असतें. एका सेकंदांत कोट्यवधि आंकडेमोडी करणारें यंत्र पुढच्या अक्षराची वाट पाहत स्वस्थ बसतें. धनी जेवावयास उठला, झोपावयास गेला, म्हणजे तर तें तासचे तास रिकामें. जगांत अशीं यंत्रें लाखोंनीं झालीं, तेव्हां त्यांच्या रिकाम्या वेळाची एकत्र बेरीज कोणत्याहि महासंगणकाच्या शक्तीला मागें टाकील, हें जाणत्यांच्या ध्यानीं येऊं लागलें.

ही जाणीव एका दिवसांत झाली नाहीं. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत जॉन शॉक आणि जॉन हप यांनीं रात्रीं रिकाम्या पडणाऱ्या यंत्रांवर एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी आज्ञावली चालवून पाहिली. एका रात्रीं ती बिघडली, आणि सकाळीं कामास आलेल्या मंडळींना इमारतींतील यंत्रें बंद पडलेलीं आढळलीं. दुसऱ्याच्या यंत्राचा उपयोग करावयाचा, तर त्याच्या कामास धक्का लागतां कामा नये, हा धडा या विद्येला असा आरंभींच मिळाला.

दुसरा प्रसंग गणिताचा. १९७७ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं आपल्या मासिकसदरांत १२९ अंकांची एक संख्या प्रसिद्ध केली. तिचे अवयव शोधणाऱ्यास शंभर डॉलरांचें बक्षीस होतें. त्या कामाला कोट्यवधि वर्षें लागतील, असा त्या वेळचा अंदाज. प्रत्यक्षांत १९९४ सालीं, गणिताच्या नव्या रीतीच्या बळावर, सुमारें ६०० स्वयंसेवकांनीं आपापल्या यंत्रांवर काम वांटून घेऊन आणि उत्तरें ई-मेलनें धाडून तें आठ महिन्यांत पुरें केलें. परंतु हे स्वयंसेवक बहुतेक जाणते होते. ज्यास गणिताचा गंध नाहीं, अशा सामान्य गृहस्थानेंहि शास्त्राच्या कार्यास हातभार कसा लावावा, हा प्रश्न अजून शिल्लकच होता.

त्या प्रश्नाचें उत्तर आकाशाकडून आलें. पृथ्वीखेरीज अन्यत्र बुद्धिमान प्राणी असतील, तर त्यांच्या रेडिओ-लहरी कधीं तरी आपल्या कानीं पडतील, या आशेनें १९६० सालीं फ्रँक ड्रेक यांनीं अमेरिकेंत ग्रीन बँक येथें पहिला शोध केला होता. पुढें या कामाला सरकारी द्रव्य मिळूं लागलें. परंतु अमेरिकेच्या काँग्रेसनें १९९३ सालीं तें बंद केलें. शोध चालू ठेवावयाचा, तर तो लोकाश्रयानेंच ठेवणें प्राप्त झालें. अशा वेळीं, १९९५ च्या सुमारास, डेव्हिड गेडी या संगणकतज्ज्ञाच्या मनांत आलें कीं, रेडिओ-दुर्बिणीनें टिपलेल्या लहरींची छाननी लोकांच्या संगणकांवरच कां करूं नये? त्यांनीं ही कल्पना डेव्हिड अँडरसन, डॅन वर्दायमर प्रभृतींपुढें मांडली, आणि तिच्यांतून ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रम जन्मास आला.

त्याची योजना समजून घेण्यासारखी आहे. पोर्टो रिको बेटावरील आरेसिबो येथें ३०५ मीटर व्यासाची प्रचंड रेडिओ-दुर्बीण होती. इतर ज्योतिर्विद आपापलें वेध घेत असतांना त्याच दुर्बिणीवर बसविलेला दुसरा एक ग्राहक १४२० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी टिपून घेई. हा आंकडा उदजन वायूच्या स्वाभाविक लहरीचा असल्यामुळें, कोणीहि शहाणा प्राणी संदेश धाडतांना तोच निवडील, असा तर्क होता. टिपलेल्या लहरींच्या फिती टपालानें बर्कलीस जात. तेथें त्यांचे लहान लहान तुकडे पाडीत. एक तुकडा म्हणजे १०७ सेकंदांच्या अवधींतील लहरींचा एक अरुंद पट्टा. तो इंटरनेटवरून स्वयंसेवकाच्या घरीं पोंचे. धनी उठून गेला आणि पडदा स्वस्थ झाला, म्हणजे यंत्र आपण होऊन तो तुकडा तपासूं लागे, आणि पडद्यावर रंगीत आलेख उमटत राही. दुर्बिणीच्या टप्प्यांतून आकाशाचा बिंदु सरकतांना खरा संदेश हळूहळू चढून तसाच उतरला पाहिजे. पृथ्वीवरील गोंगाट तसा वागत नाहीं. यंत्र या चढउताराचा शोध घेई, कित्येक तासांनीं निकाल परत धाडी आणि नवा तुकडा मागून घेई.

१७ मे १९९९ रोजीं हा उपक्रम लोकांस खुला झाला. पहिल्या वर्षांतच स्वयंसेवकांची संख्या दहा लक्षांच्या वर गेली. पुढें ती पन्नास लक्षांहून अधिक झाली. दोनशेंहून अधिक देशांतील व प्रदेशांतील लोक त्यांत होते. शिक्षक होते, विद्यार्थी होते, निवृत्त कारकून होते. यांपैकीं कोणालाहि एक दमडी मिळत नव्हती. मिळे तें एवढेंच, कीं आपल्या नांवापुढें तपासलेल्या तुकड्यांचा आंकडा चढत राही.

आणि याच आंकड्यानें मनुष्यस्वभावाची परीक्षा पाहिली. लोकांनीं संघ केले, संघासंघांत चुरस लागली, आणि कांहींजण आंकडा फुगविण्यासाठीं न केलेल्या कामाचे खोटे निकाल धाडूं लागले. ज्यांचें तोंड पाहिलें नाहीं अशा लाखों लोकांच्या कामावर विश्वास कसा ठेवावा? चालकांनीं यावर काढलेला उपाय सरळ होता. एकच तुकडा परस्परांस अपरिचित अशा अनेक यंत्रांकडे धाडावयाचा, आणि उत्तरें जुळलीं तरच तें काम खरें मानावयाचें. यांत पुष्कळसें श्रम दुप्पट झालें खरें. परंतु त्यामुळें प्रत्येकाच्या सचोटीची हमी न घेतांहि सर्वांच्या कामाचा भरंवसा धरतां आला.

दुसरी परीक्षा न्यायालयांत झाली. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत एका सरकारी तंत्रविद्यालयाच्या कर्मचाऱ्यानें विद्यालयाचे संगणक अशाच एका सामुदायिक गणनेस जोडले होते. हेतु चोरीचा नव्हता. परंतु यंत्रें त्याच्या मालकीचीं नव्हतीं. त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यांत आले. २००२ सालीं तडजोड होऊन त्याची दंड व समाजसेवा यांवर सुटका झाली. शिक्षा फार कडक होणार होती, असें अनेकांस वाटलें. तथापि जें आपलें नाहीं त्याचें दान करतां येत नाहीं, हें तत्त्व त्या प्रकरणानें सर्वांच्या मनावर बिंबविलें.

या अनुभवांतून शहाणे होऊन अँडरसन यांनीं २००२ पासून ‘बॉइंक’ नांवाची सामायिक व्यवस्था बांधावयास घेतली. तिच्यायोगें कोणत्याहि शास्त्रज्ञास असा फंड उघडतां येऊं लागला, आणि स्वयंसेवकास आपलें दान अनेक कार्यांत वांटतां येऊं लागलें. २००५ सालीं निघालेला ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा उपक्रम लायगो या गुरुत्वलहरींच्या वेधशाळांचीं टिपणें तपासूं लागला. तशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यांत उभारण्यास भारत सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. याच उपक्रमानें आरेसिबोच्या टिपणांत सेकंदाला सुमारें ४१ गिरक्या घेणारा एक स्पंदतारा शोधून काढला आणि २०१० सालीं तो जाहीर केला. त्याची प्रथम चाहूल लागली ती अमेरिकेच्या आयोवा राज्यांतील एका दांपत्याच्या आणि जर्मनींतील एका गृहस्थाच्या घरच्या संगणकांना.

प्रथिनांच्या क्षेत्रांत याहून निराळें फळ आलें. प्रथिनाचा लांब धागा आपोआप गुंडाळून विशिष्ट आकार कसा घेतो, हें कोडें सोडविण्यासाठीं डेव्हिड बेकर यांनीं २००५ सालीं ‘रोझेटा ॲट होम’ हा उपक्रम काढला. पडद्यावर तो धागा वळतांना पाहून कांहीं स्वयंसेवक लिहूं लागले कीं, येथें यंत्र चुकतें आहे, आम्ही याहून बरें करूं. त्या तक्रारींतून २००८ सालीं ‘फोल्डिट’ हा खेळ निघाला. २०११ सालीं त्याच्या खेळाडूंनीं माकडांच्या एका विषाणूच्या प्रथिनाचा आकार, जो शास्त्रज्ञांना कित्येक वर्षें चकवीत होता, थोड्याच दिवसांत उलगडला. यंत्र देणारा मनुष्य येथें बुद्धीहि देऊं लागला. बेकर यांना पुढें २०२४ सालीं प्रथिनांच्या रचनाशास्त्राबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

एवढ्यावरून हें दान अगदीं फुकटचें होतें, असा समज करून घेऊं नये. काम करणारें यंत्र रिकाम्या यंत्राहून अधिक वीज खातें, आणि विजेचें बिल स्वयंसेवकाच्याच दारीं येतें. पुढें पुढें तर रिकाम्या वेळीं आपण होऊन निजणारे संगणक निघाले. त्यामुळें जो वेळ पूर्वीं वायां जात होता, तो आतां जाणूनबुजून खर्च करावा लागूं लागला. लोकांची सवयहि पालटली. टेबलावरच्या संगणकाची जागा खिशांतल्या फोननें घेतली. १९९६ पासून प्रचंड मूळ संख्यांचा शोध करणाऱ्या ‘गिंप्स’ या संघाची कथा यास साक्ष आहे. अठ्ठावीस वर्षें त्याच्या साऱ्या विक्रमी संख्या सामान्य संगणकांनींच शोधल्या. परंतु २०२४ सालीं सांपडलेली ४,१०,२४,३२० अंकांची संख्या अनेक देशांतील गणनागृहांत भाड्यानें घेतलेल्या जलद यंत्रांनीं शोधून काढली.

असा हा ओघ आटत चालल्यासारखा दिसत असतांनाच २०२० साल उजाडलें. महामारीनें लोक घरांत कोंडले गेले, आणि २००० पासून प्रथिनांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’ या उपक्रमानें नव्या विषाणूच्या प्रथिनांकडे मोर्चा वळविला. कांहीं आठवड्यांत लाखों नवीं यंत्रें त्यास येऊन मिळालीं. मार्च महिन्यांत त्यांची एकत्रित शक्ति सेकंदाला एकावर अठरा शून्यें इतक्या आंकडेमोडींच्या पुढें गेली. त्या वेळीं जगांतील कोणत्याहि एकट्या महासंगणकास ती मजल गांठतां आली नव्हती. ज्यांना घराबाहेर पाऊल टाकतां येत नव्हतें, त्यांना रोग्यांसाठीं कांहीं करण्याचा हा एक मार्ग सांपडला होता.

नेमका त्याच महिन्याच्या ३१ तारखेस ‘सेटी ॲट होम’नें नवे तुकडे वांटणें थांबविलें. हातीं आलेल्या निकालांचाच अर्थ लावणें उरलें होतें. त्याच वर्षीं १ डिसेंबरला आरेसिबोची दुर्बीण कोसळून पडली. बर्कलीच्या मंडळींनीं पुढें कोट्यवधि खुणा चाळून चाळून शंभराच्या आसपास जागा निवडल्या, आणि २०२५ सालीं चीनमधील ‘फास्ट’ या विशाल दुर्बिणीनें त्या पुन्हां पाहण्याचें काम चालू केलें. एकवीस वर्षांच्या शोधांत परक्या जगाचा संदेश म्हणून सिद्ध झालेली एकहि खूण मिळाली नाहीं.

मग पन्नास लक्ष लोकांचें तें दान वायां गेलें काय? शास्त्रांत ‘येथें नाहीं’ हें उत्तरहि उत्तरच असतें. आकाशाच्या केवढ्या भागांत, किती क्षीण आवाजापर्यंत कोणी बोलत नाहीं, हें आतां पूर्वींपेक्षां अधिक निश्चितपणें सांगतां येतें. शिवाय स्पंदताऱ्याचा शोध, प्रथिनांची कोडीं, महामारींतील धांवपळ, यांना लागलेली वाट प्रथम याच निष्फळ म्हटलेल्या शोधानें रुळविली. पैसाफंडांत पैसा टाकणाऱ्यानें आपल्या पैशाची कोणती कांच झाली, हें कधीं विचारलें नाहीं. बर्कलीस निकाल धाडून झोपावयास गेलेल्या गृहस्थासहि आपल्या १०७ सेकंदांच्या तुकड्यांत बहुधा कांहींच नसणार, हें ठाऊक होतें; तरीहि दुसऱ्या दिवशीं त्यानें आपलें यंत्र चालूच ठेवलें.