भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघांचे भवितव्य

भारताचे राष्ट्रीय फुटबॉल संघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या (स्थापना १९३७) वतीने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत देशाचे प्रतिनिधित्व करतात. २०२५ मध्ये या संघांची वाटचाल दोन विरुद्ध दिशांनी झाली. पुरुषांचा वरिष्ठ संघ २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरू शकला नाही. मात्र महिलांचा वरिष्ठ संघ, महिलांचे २० व १७ वर्षांखालील संघ आणि मुलांचा १७ वर्षांखालील संघ आपापल्या आशियाई स्पर्धांसाठी पात्र ठरले. वयोगटातील खेळाडू आशियाई स्तर गाठत असताना वरिष्ठ पुरुष संघ मागे का पडतो, हा भारतीय फुटबॉलच्या भवितव्याविषयीचा मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत भारताची गणना आशियातील अग्रगण्य संघांत होत असे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ (नवी दिल्ली) व १९६२ (जकार्ता) च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघ चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियावरील ४–२ अशा विजयात तीन गोल नोंदविणारे नेव्हिल डिसोझा हे मुंबईच्या टाटा संघाचे खेळाडू होते. १९६४ च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला. १९७० च्या आशियाई खेळांतील कांस्यपदकानंतर मात्र पुरुष संघाला आशियाई खेळांत पदक मिळालेले नाही.

फिफाच्या जागतिक क्रमवारीत भारताचे सर्वोत्तम स्थान ९४ वे (फेब्रुवारी १९९६), तर सर्वांत खालचे १७३ वे (मार्च २०१५) राहिले आहे. २०२३ मध्ये सॅफ अजिंक्यपद जिंकल्यानंतर संघ पुन्हा पहिल्या शंभरात आला. त्यानंतर घसरण सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १४२ व्या स्थानावर गेला.

पुरुष संघाची सद्यस्थिती

जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे झालेल्या आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया या तिन्ही संघांकडून पराभूत झाला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. जून २०२४ मध्ये कतारकडून १–२ असा पराभव झाल्याने २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेतील आव्हानही दुसऱ्याच फेरीत संपले. या विश्वचषकात प्रथमच ४८ संघांना स्थान असून आशियाच्या वाट्याला आठ थेट जागा आल्या आहेत. त्या वाढीव जागांचा लाभ घेण्याच्या जवळपासही भारत पोहोचू शकला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले होते आणि २०१६–१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल संघाला आय-लीग जिंकून दिली होती. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी भारताने मध्य आशियाई महासंघाच्या काफा नेशन्स चषकात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरे स्थान मिळविले. तथापि आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगाव येथे सिंगापूरकडून १–२ असा पराभव झाला आणि पात्रतेची आशा संपली. १८ नोव्हेंबर रोजी ढाका येथे बांगलादेशानेही भारताला १–० असे हरविले.

गोल करणाऱ्या खेळाडूंचा प्रश्न

सुनील छेत्री यांनी २००५ पासून भारतासाठी ९५ आंतरराष्ट्रीय गोल केले. जून २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. परंतु त्यांची जागा घेणारा आघाडीपटू न मिळाल्याने मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना पुन्हा संघात बोलावण्यात आले.

या उणिवेचे एक कारण देशांतर्गत स्पर्धेच्या रचनेत आढळते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये प्रत्येक संघाला मैदानावर एका वेळी अनेक परदेशी खेळाडू उतरविता येत असत. बहुतेक संघ गोल करण्याची मुख्य जबाबदारी परदेशी आघाडीपटूवर सोपवीत. परिणामी भारतीय आघाडीपटूंना बगलेवर किंवा राखीव खेळाडूंत स्थान मिळे. क्लबमध्ये ज्या जागेवर खेळण्याची सवयच नाही, त्या जागेवर राष्ट्रीय संघात गोल करण्याची अपेक्षा त्यांच्याकडून केली जाते.

परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना संघात घ्यावे, अशी मागणी यातूनच पुढे आली. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाची तरतूद नसल्याने अशा खेळाडूला मूळ पारपत्र सोडावे लागते. जपानमध्ये जन्मलेले आणि महिंद्रा युनायटेड व पुणे एफसी या संघांकडून खेळलेले अराता इझुमी यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारून २०१३ मध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेले रायन विल्यम्स यांनीही हाच मार्ग पत्करला. त्यांच्या आईचा जन्म मुंबईचा आहे.

महिला संघ

जुलै २०२५ मध्ये चियांग माई येथे थायलंडला २–१ असे हरवून भारतीय महिला २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत प्रवेश मिळविण्याची महिला संघाची ही पहिलीच वेळ होती.

या यशाची पार्श्वभूमी महाराष्ट्रात घडली. २०२२ चा महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाला. यजमान भारताने इराणशी ०–० अशी बरोबरी साधली. मात्र त्यानंतर संघातील अनेक खेळाडूंना कोविडची लागण झाल्याने पुढचा सामना खेळण्यापुरते खेळाडूही उरले नाहीत आणि संघाला स्पर्धेबाहेर जावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात झालेल्या मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताने तिन्ही सामने गमावले. पुण्याची काजोल डिसोझा त्या संघात होती. या पराभवांनंतर तीन वर्षांनी, २०२५ मध्ये, २० वर्षांखालील महिलांनी म्यानमारला आणि १७ वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला हरवून आपापल्या आशियाई स्पर्धांत प्रवेश मिळविला.

सतरा ते तेवीस वर्षे : निसटणारी पिढी

३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबाद येथे भारताच्या १७ वर्षांखालील मुलांनी इराणला २–१ असे हरविले. इराण आशियातील सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक मानला जातो. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी भारतीय खेळाडू आशियातील समवयस्कांशी बरोबरी करू शकतो, असे या निकालावरून दिसते. अंतर पडते ते पुढील पाच-सहा वर्षांत. या काळात परदेशातील समवयस्क खेळाडू वरिष्ठ स्पर्धेत नियमित खेळत असतो. भारतीय खेळाडू बहुधा राखीव बाकावर असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी महासंघाने २०१० मध्ये तरुण खेळाडूंचा स्वतंत्र संघ स्थापून त्याला आय-लीगमध्ये उतरविले. पुढे इंडियन ॲरोज या नावाने ओळखला गेलेला हा संघ २०१३ मध्ये बंद झाला, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकानंतर पुन्हा सुरू झाला आणि २०२२ मध्ये पुन्हा बंद करण्यात आला. वयोगटातील खेळाडूंवर सातत्याने भर देणाऱ्या उझबेकिस्तानने २०२३ मध्ये २० वर्षांखालील व २०२५ मध्ये १७ वर्षांखालील आशियाई विजेतेपद मिळविले आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी प्रथमच पात्रता संपादन केली.

भारतात मात्र व्यावसायिक अधिकारांच्या कराराचा प्रश्न न सुटल्याने इंडियन सुपर लीगचा २०२५–२६ चा हंगाम ठरलेल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. त्याची सर्वाधिक झळ याच वयोगटाला बसली.

महाराष्ट्राचे स्थान

मुंबईच्या कूपरेज मैदानाशी निगडित असलेली रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. संतोष चषक मुंबई व महाराष्ट्र या संघांनी मिळून चार वेळा जिंकला असून शेवटचे विजेतेपद १९९९–२००० मधील आहे. महिंद्रा युनायटेडने २००५–०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. परंतु २०१० मध्ये तो संघ बंद करण्यात आला. मुंबई एफसी, पुणे एफसी व एफसी पुणे सिटी हे संघही पुढे बंद झाले. स्थानिक खेळाडूंना मिळणाऱ्या नोकऱ्या व सामने त्यामुळे घटले. मुंबई सिटीने एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २–१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळविला. या सामन्यातील विजयी गोल मूळचे मुंबईचे बचावपटू राहुल भेके यांनी केला होता.

कोल्हापुरात तालीम मंडळांनी फुटबॉलची परंपरा जिवंत ठेवली आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांसारख्या संघांच्या सामन्यांना मोठी गर्दी होते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीतून २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आणि तेथून इंडियन ॲरोजमध्ये पोहोचला.

मुंबई, पुणे व कोल्हापूरबाहेरील मुलांना मुख्यतः शालेय स्पर्धांचाच मार्ग उपलब्ध असतो. पालघर जिल्ह्यातील उमरोळी किंवा बोईसरसारख्या ठिकाणच्या शाळेला तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्या चढून सुब्रोतो चषकापर्यंत जावे लागते. या स्पर्धा सहसा बाद पद्धतीने होतात. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत एकूण पंधराच सामने होतात आणि निम्मे संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. तेच सोळा संघ साखळी पद्धतीने खेळले, तर १२० सामने होतात आणि प्रत्येक संघाला पंधरा सामने मिळतात. कूपरेज व अंधेरी येथील मैदाने पालघर पट्ट्यापासून लोकलने दीड ते दोन तासांच्या अंतरावर असल्याने, शालेय वयातील मुलांना मुंबईतील साखळी स्पर्धांत नियमित भाग घेणे कठीण जाते.

राज्य शासनाने २०२५ मध्ये 'महादेवा' हा प्रकल्प हाती घेतला. त्याअंतर्गत १३ वर्षांखालील ३० मुले व ३० मुली निवडून त्यांना पाच वर्षे शिष्यवृत्ती व प्रशिक्षण देण्याची योजना आहे. डिसेंबर २०२५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर लिओनेल मेस्सी यांच्या उपस्थितीत तिचा आरंभ झाला. या मुलामुलींची पाच वर्षे पूर्ण होतील, तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची, म्हणजे नेमकी खेळाडू निसटण्याच्या वयाची असतील.

पुढील वाटचाल

महासंघाने जानेवारी २०२३ मध्ये 'व्हिजन २०४७' हा आराखडा जाहीर केला. स्वातंत्र्याच्या शताब्दीपर्यंत आशियातील पहिल्या चार संघांत स्थान मिळविणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. २०४७ मध्ये पंचविशीत असणारे खेळाडू आज अगदी लहान आहेत. २०२५ मध्ये यशस्वी ठरलेल्या वयोगटांतील मुलामुलींची कारकीर्द त्याआधीच, प्रामुख्याने २०३० व २०३४ च्या विश्वचषकांच्या पात्रता फेऱ्यांच्या काळात, भरात येईल.

त्या दृष्टीने तीन गोष्टी निर्णायक ठरतील : वेळेवर सुरू होणारी व खंड न पडणारी राष्ट्रीय लीग, सतरा ते तेवीस वर्षांच्या खेळाडूंना वरिष्ठ स्पर्धेत मिळणारे नियमित सामने, आणि जिल्हा पातळीवर बाद स्पर्धांऐवजी साखळी स्पर्धा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी महासंघ व क्लब यांच्या निर्णयावर अवलंबून आहेत. तिसरीसाठी मोठ्या स्टेडियमची आवश्यकता नाही. मैदान, पंच व सामन्यांचे वेळापत्रक एवढ्यावर ती सुरू होऊ शकते.