फिरते घर : चोरीपासून संरक्षण

स्वयंपाक, निद्रा आणि प्रवास या तिन्हींची सोय एकाच मोटारगाडीत केलेली असल्यास त्या गाडीस फिरते घर, मोटार कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असे म्हणतात. साधी मोटारगाडी चोरीस गेल्यास मालक वाहनास मुकतो. फिरते घर चोरीस गेल्यास वाहनाबरोबर बिछाना, भांडी, कागदपत्रे व परतीचा मार्ग हे सर्वच जाते. म्हणून या वाहनाच्या संरक्षणासाठी दोन भिन्न योजना लागतात. वाहन जागचे हलू न देणारी योजना म्हणजे चलनरोधक किंवा इमोबिलायझर, आणि आत कोणी शिरत असल्याची वर्दी देणारी योजना म्हणजे धोकासूचक भोंगा किंवा अलार्म. व्यवहारात दोन्ही एकाच पेटीत बसविलेली आढळत असली, तरी त्यांचे इतिहास स्वतंत्र आहेत व त्यांची उपयुक्तताही सारखी नाही.

या दोन्ही कल्पना मोटारीपेक्षा पुष्कळच जुन्या आहेत. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड हे गाव मेहकरहून सिंदखेडराजामार्गे जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर वसले आहे. रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडातील धान्य, मीठ व कापूस यांची ने-आण मुख्यतः बंजाऱ्यांच्या लमाण बैलांवरून होई. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे नमूद केले आहे. इ. स. १८०३ मध्ये आसई व आडगाव येथील लढायांच्या मोहिमेत वेलस्लीच्या सैन्याचा धान्यपुरवठाही बऱ्याच अंशी बंजाऱ्यांवर अवलंबून होता. तांड्यातील माणसांचे घरदार बैलांच्या पाठीवरच असे, त्यामुळे तांडा हे खऱ्या अर्थाने फिरते घर होते. रात्रीच्या मुक्कामात गोण्या एकावर एक रचून त्यांचा कोट करीत, बैल त्याच्या आत बांधीत आणि बाहेर कुत्री मोकळी सोडीत. कोट व दावे हा हालचालीला अटकाव, तर कुत्र्यांचे भुंकणे ही वर्दी. ओढाळ जनावराच्या गळ्यातील लोढणे व बैलाच्या गळ्यातील घाटी यांतही हाच भेद दिसतो. घोड्यांना आगाडी-पिछाडी घालणे, मुक्कामी गाडीचे जू सोडून ठेवणे किंवा चाकाची खीळ काढून जवळ बाळगणे, या रीती पहिल्या प्रकारात मोडतात.

इ. स. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा भुसावळहून अकोलामार्गे नागपूरला पोहोचला. हा मार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून, मलकापूर-शेगावकडून गेला. दक्षिणेकडील पठारी भाग रेल्वेपासून दूर राहिला व तेथील वाहतूक रस्त्यावरच चालू राहिली. बैलगाडीची जागा पुढे मोटारीने घेतली.

आरंभीच्या मोटारी हाताने दांडा फिरवून सुरू कराव्या लागत. ते काम इतके कष्टाचे होते की त्या कष्टांनीच चोरांपासून काहीसे संरक्षण होई. इ. स. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत केटरिंग याने सिद्ध केलेला विद्युत् स्टार्टर आला, गाडी सुरू करणे सोपे झाले आणि त्याबरोबर ती पळविणेही सोपे झाले. अमेरिकेत चोरीच्या गाड्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याचे प्रकार इतके बोकाळले की इ. स. १९१९ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदा करावा लागला.

चलनरोधनाची सक्ती प्रथम व्यापक प्रमाणावर झाली ती मात्र चोरांच्या भीतीने नव्हे. इ. स. १९४० मध्ये जर्मन हवाई छत्रीधारी सैनिक उतरून रस्त्यावरील गाड्या ताब्यात घेतील, या धास्तीने ब्रिटिश सरकारने उभी गाडी निकामी करून ठेवण्याचा हुकूम काढला. तेव्हा वाहनचालक ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर ही लहानशी फिरती कांडी काढून खिशात टाकीत. ती नसेल तर ठिणगी पडत नाही व इंजिन सुरू होत नाही. आजचे इलेक्ट्रॉनिक चलनरोधक तत्त्वतः हेच करते. फरक इतकाच की कांडीऐवजी सांकेतिक क्रमांक खिशात राहतो.

युद्धोत्तर काळात सुकाणूचक्र अडकविणारे कुलूप प्रचारात आले. पश्चिम जर्मनीने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते नव्या व जुन्या अशा सर्व गाड्यांना लावणे भाग पाडले व तेथील गाडीचोऱ्या झपाट्याने घटल्या. ब्रिटनने इ. स. १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना ते बंधनकारक केले. चोर जुन्या गाड्यांकडे वळले आणि एकूण चोऱ्यांत तसा फरक पडला नाही. संरक्षण थोड्यांनाच दिले तर चोरी शेजाऱ्याच्या दारी सरकते, हे यावरून स्पष्ट झाले. आजही हाताने सजविलेली जुनी फिरती घरे याच शेजाऱ्याच्या जागी आहेत.

मराठी मुलखाच्या परिसरात फिरत्या घरांचे दर्शन प्रथम गोव्यात मोठ्या प्रमाणावर झाले. १९६० ते १९८० या दोन दशकांत यूरोपीय तरुण फोक्सवागेनच्या व अन्य व्हॅनमधून इस्तंबूल, तेहरान, काबूल व लाहोरमार्गे भारतात येत व कळंगुट-हणजूणच्या किनाऱ्यांवर मुक्काम करीत. इ. स. १९७९ मधील इराणी क्रांती व त्याच वर्षाअखेरीस अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएट सैन्य यांमुळे हा खुष्कीचा मार्ग बंद पडला. पुढे देशी फिरत्या घरांसाठी पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीची १९८७ मधील ट्रॅव्हलर ही गाडी सोयीची ठरली. महाराष्ट्र शासनाने इ. स. २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला व जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला ७०१ किमी. लांबीचा समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा तालुक्यातून गेल्याने लोणार सरोवर व जिजाबाईंचे जन्मस्थान पाहू इच्छिणाऱ्या अशा प्रवाशांना हा भाग जवळचा झाला आहे.

इलेक्ट्रॉनिक चलनरोधकात किल्लीच्या मुठीत एक सूक्ष्म प्रेषक बसविलेला असतो. किल्ली घातली की कुलपाभोवतीचे वेटोळे त्यास ऊर्जा पुरवते, प्रेषक आपला संकेत सांगतो आणि तो जुळला तरच इंजिनाचे नियंत्रक एकक इंधन सोडते. यूरोपीय संघात नव्या मोटारींना हे साधन ऑक्टोबर १९९८ पासून, तर ऑस्ट्रेलियात जुलै २००१ पासून आवश्यक ठरले. नेदर्लंड्समधील आकडेवारीवर आधारलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जुन्या गाड्यांकडे वळलेल्या चोऱ्या हिशेबात धरूनही एकूण गाडीचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दाखविले आहे. भोंग्याच्या बाजूने असा पुरावा देता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांनुसार भोंग्याचा एक आवाज २५ ते ३० सेकंद चालावा लागतो. शहरात तो नित्याचा झाल्याने कोणी वळून पाहत नाही आणि माळावर तो ऐकायला कोणी नसते. तांड्याच्या कुत्र्यांचे भुंकणे उपयोगी पडे, कारण गोण्यांच्या कोटात माणसे झोपलेली असत.

नंतर बसवावयाचे चलनरोधक स्टार्टर, इंधनपंप व प्रज्वलन यांपैकी निदान दोन विद्युत् मंडले तोडते. जोडण्या झाळलेल्या, एकाच रंगाच्या तारांच्या व मूळ जुडग्यात लपविलेल्या असाव्यात. सहज सापडणारी तार कोणीही पुन्हा जोडू शकतो. इंजिन चालू असता हे साधन कार्यान्वित होऊ नये, हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. वेगात असलेल्या गाडीचे इंजिन एकाएकी बंद पडणे हे चोरीपेक्षा भयंकर होय. गाडी दुरून बंद पाडण्याची सोय देणारी स्वस्त साधने बाजारात मिळतात; ती या कारणासाठी टाळलेली बरी.

फिरत्या घरात भोंग्याच्या काही खास अडचणी आहेत. अशा गाडीत सामान्यतः इंजिनाची एक व घरगुती वापराची दुसरी अशा दोन बॅटऱ्या असतात. पहाऱ्यावर असलेले यंत्र २० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास खर्च होतो. दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील ४० टक्के साठा त्यातच संपतो. श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा संवेदक वाऱ्याने हलणाऱ्या पडद्याने किंवा माशीनेही चाळवतो. अवरक्त किरणांवर चालणारा संवेदक माणसाचे तापमान व भोवतालचे तापमान यांतील फरक ओळखतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि बंद गाडीतील हवा अंगाइतकी तापली असता त्यास माणूस जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून दारे, खिडक्या व सामानाचे कप्पे यांवर चुंबकीय संपर्क बसविणे अधिक भरवशाचे असते. माणसे आत झोपली असता आतील संवेदक बंद ठेवून केवळ कडेचा पहारा चालू ठेवण्याची सोयही हवी.

झोपलेल्या माणसांचा विचार कुलपांच्या बाबतीत अधिकच गंभीर आहे. काही दुहेरी कुलपे एकदा बसली की दार आतूनही उघडत नाही. रिकाम्या गाडीत हा गुण आहे, पण फिरत्या घरात तो जीवावर बेतू शकतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याकडे निघालेली शयनसोय असलेली बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्यू पावले. त्या दुर्घटनेचा चोरीविरोधी कुलपांशी संबंध नव्हता. बस दाराच्या बाजूवर पडल्याने बाहेर पडण्याची वाट बुजली. परंतु झोपेतून जागा झालेल्या माणसाला अंधारात व धुरात वाट किती सेकंद मिळते, हे तिने दाखवून दिले. स्वयंपाकाचा गॅस बाळगणाऱ्या फिरत्या घराच्या खिडक्यांना आतून कुलूप न लावणे व दुहेरी कुलपाची योजना बसविताना तोडून टाकणे, हेच इष्ट होय.

चलनरोधक प्रभावी ठरल्यावर चोरांनी गाडी सोडून किल्लीकडे लक्ष वळविले. अनेक देशांत किल्लीसाठी घरे फोडली गेली, चालकांना धमकावले गेले. किल्लीविना चालणाऱ्या गाड्यांत घरातील किल्लीचा संकेत दोन उपकरणांनी टिपून गाडीपर्यंत पोहोचविण्याची युक्तीही निघाली. त्यावर उपाय म्हणून किल्ली धातूच्या डबीत ठेवणे आणि सुकाणूचक्राला लोखंडी दांड्याचे जुने कुलूप लावणे, या दोन साध्या रीती पुन्हा रूढ झाल्या आहेत.